पपनसाची गुटी पाठवतेय

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

तुझ्या पुण्याच्या घराला अंगण आहे हे कळल्यापासून डोक्यात एकच घोळतंय. कुडाळहून येणाऱ्या गाडीने दोन रोपं पाठवतेय, झाडावरच्या फांदीलाच मुळं फोडून केलेल्या गुट्या, एक पपनसाची आणि एक महाळुंगाची. पावसाच्या सुरुवातीला फांदीची दोन बोटं साल गोल काढून ओलं शेवाळ बांधलं, वर प्लास्टिक गुंडाळलं. आता आतली पांढरी मुळं दिसायला लागलीत. फळातली बी मात्र रुजवू नकोस. बीचं झाड मूळ झाडासारखं निघेलच असा भरवसा नसतो, आणि आपलं गुलाबी गराचं पपनस आजीच्या हातचं आहे, ते तसंच तुझ्याकडे जायला हवं.

बुंध्याशी पाणी साचू देऊ नकोस, डिंक्या लागतो, म्हणजे खोडातून डिंक गळायचा रोग. कोवळ्या पानांवर पक्ष्याची विष्ठा पडल्यासारखं दिसलं तर वाकून बघ. ती लिंबाच्या फुलपाखराची अळी असते. मोठी झाली की हिरवी होते, आणि बोट लावलंस तर डोक्यामागून लालसर शिंगं काढून उग्र वास सोडते. रोप लहान आहे तोवर रोज सकाळी वेचून टाक. झाड मोठं झालं की चार पानं तिनेही खावीत.

इथे चतुर्थीच्या तोंडावर पपनसाला बाजारात चांगला भाव येतो, तरी पहिली फळं मी वाडीलाच देते. ज्याच्या घरी झाड नाही त्याची माटवी, गणपतीवर फळं बांधायची ती चौकट, रिकामी राहू नये असं मला मनापासून वाटतं. बांधायला सोपं जावं म्हणून देठ लांब ठेवून कापते.

तुझ्या शेजाऱ्यांना हे फळ नवीन असेल, तेव्हा नुसतं दारात ठेवून येऊ नकोस. पांढऱ्या सालीसकट खाल्लं की कडू लागतं, आणि लोक पुन्हा हात लावत नाहीत. पहिलं फळ त्यांच्यासमोर सोल. जाड साल चिरून काढ, प्रत्येक फोडीचं पातळ आवरणही सोड, आणि मोकळ्या गरावर मीठ-तिखट भुरभुरून दे. कुणी कोलेस्टेरॉलची किंवा रक्तदाबाची गोळी घेत असेल तर आधी डॉक्टरांना विचारायला सांग. ग्रेपफ्रूटप्रमाणे पपनसातलीही काही द्रव्यं ठरावीक औषधांचा अंमल वाढवतात. हे सांगायला लाजू नकोस.

महाळुंगात गर थोडा, पांढरा मगजच जास्त, त्याचा मुरंबा कर. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या खालच्या उजव्या हातात हेच फळ आहे, आणि आपलं कागदी लिंबूही याच्याच वंशातलं. मुरंब्याची वाटी देताना शेजारच्या काकूंना हे सांग, त्यांना आवडेल.

गुटीला फळ धरायला तीन-चार वर्षं जातील, तोवर इथून पाठवत राहीन. दोन्ही रोपं कुंडीत नको, जमिनीतच लाव. पपनसाला कुंपणाजवळची जागा दे, म्हणजे फांद्या पलीकडे गेल्या की शेजाऱ्यांना त्यांच्या बाजूनेच फळ काढता येईल.

तुझी,
आई