घोड्याचं वय पण छापा की!

मा. संपादक,
स.न.वि.वि.

गेल्या आठवड्यात तुमच्या क्रीडा पानावर अगदी खाली घोडेस्वारीतल्या इव्हेंटिंगच्या स्पर्धेची चार ओळींची बातमी होती. आधी त्याबद्दल थँक्यू, क्रिकेटच्या गर्दीत आमच्या खेळाला चार ओळी मिळाल्या हेही नसे थोडके. पण त्यात एका तरुण रायडरबद्दल असं लिहिलंय की घोड्याने ऐनवेळी दगा दिला म्हणून तो बाद झाला. मी त्या दिवशी तिथेच होते, माझी घोडी पण त्याच क्लासला, म्हणजे त्याच गटात होती, आणि तो घोडा पाण्याच्या जंपपाशी थांबला तेव्हा मी जवळच वॉर्मअप करत होते. तो घोडा म्हणजे पाच वर्षांचं पोर आहे. पुढे पाणी, काठाला ओंडका, बाजूला माणसं, कुणाची तरी उघडी छत्री, हे सगळं एकदम अंगावर आलं आणि ते थांबलं. तीनदा थांबलं की नियमाने खेळ खल्लास. मुलगा त्याची मान थोपटत बाहेर आला, ना चाबूक ना आरडाओरडा. मला विचाराल तर त्या दिवसातलं सगळ्यात चांगलं रायडिंग ते होतं.

ज्यांना हा खेळ माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एकच घोडा, एकच स्वार आणि तीन परीक्षा. आधी ड्रेसाज, म्हणजे आखलेल्या चौकोनात चाली दाखवायच्या, तिथे घोडा शांत आणि ऐकणारा हवा. मग क्रॉस कंट्री, मोकळ्या रानात ओंडके, खंदक, पाणी, चढउतार, तिथे तोच घोडा धीट हवा आणि पुढे काय आहे हे नीट दिसत नसताना तुमच्या शब्दावर उडी मारणारा हवा. शेवटी शो जंपिंग, तिथे दमलेल्या पायांनी एकेक दांडी न पाडता जायचं. ड्रेसाजचे मार्क उलटे करून पेनल्टी होतात आणि पुढे त्यात भरच पडत जाते, दांडी पडली की ४, क्रॉस कंट्रीत घोडा एकदा अडला की २०, त्याच जंपला परत अडला की ४०, वेळेपेक्षा उशीर झाला की सेकंदाला ०.४. म्हणजे ड्रेसाजला पहिला आलेला घोडा एका पाण्यापायी शेवटी जातो. आता जो घोडा कालपरवापर्यंत नुसता सरळ पळत होता त्याच्याकडून हे तिन्ही एकदम मागायचं म्हटल्यावर कुठेतरी घोडं पेंड खाणारच.

माझी घोडी रेसकोर्सवरून आलेली. रेसकोर्सवर तिचं लांबलचक इंग्रजी नाव होतं, तिची देखभाल करणारे आमचे साईसमामा तिला काकू म्हणतात, कारण तिला कशातही खोट काढता येते. रेसच्या घोड्याला लगाम आवळला की अजून जोर लावायचा असतो हेच शिकवलेलं असतं, तो बिटवर, म्हणजे तोंडातल्या लगामाच्या कडीवर, टेकून पळतो. म्हणजे मी ड्रेसाजला बसून हळू ये म्हणून लगाम घ्यायची आणि काकूला वाटायचं रेसचं गेट उघडलं. सगळी भाषाच उलटी. मग लगामाऐवजी बसण्यातून आणि पायातून हळू-जोरात सांगायला शिकवायचं, नुसतं चालवायचं, थांबवायचं, परत चालवायचं, बघणाऱ्याला वाटतं बाई काहीच करत नाहीये. आणि एवढं झाल्यावर स्पर्धेच्या दिवशी काय, तर जजच्या टेबलापुढच्या झेंडूच्या कुंड्या. घरी झेंडू खाते, तिथे झेंडूला बघून अर्धा चौकोन आडवी चालली.

दुसरी गोष्ट तंगाची, म्हणजे सॅडल बांधायच्या पोटाखालच्या पट्ट्याची. तंग कसायला गेलं की चावायची, पाय आपटायची, सगळे म्हणायचे घोडी खट आहे, दोन चांगल्या द्या, सरळ येईल. साईसमामांनी मात्र बघितलं की ती दाण्याचं घमेलं पण अर्धं टाकून देतेय. डॉक्टरांनी दुर्बीण घालून बघितलं तर पोटात अल्सर. घोड्याच्या पोटात ॲसिड चोवीस तास तयार होत असतं, पोट रिकामं असलं तरी, आणि रेसच्या घोड्यांना दाण्यावर ठेवायचं, गवत कमी, त्यामुळे रेसमधून आलेल्या घोड्यांत हे दुखणं फार. औषध झालं, दिवसभर तोंडात गवत राहील असं केलं, दाण्याआधी लूसर्न, म्हणजे लसूणघास दिला, आणि खट घोडी हळूहळू नुसती नखरेल झाली. तसंच दातांचं. घोड्याचे पुढचे दुधाचे दात साधारण साडेचार वर्षांपर्यंत पडत असतात, म्हणजे ज्या वयात आपण त्याला बिट घालून मान वाकव म्हणतो त्याच वयात तोंडात ही सगळी उलथापालथ चालू असते. पाठीची हाडं तर पाच वर्षांच्या पुढे जाऊन पक्की होतात. अडणारा प्रत्येक घोडा आजारीच असतो असं मी म्हणत नाही, काही खरंच बिलंदर असतात. पण आधी दात, पाठ, पोट, सॅडल हे बघून घ्यावं आणि मग त्याच्या स्वभावावर घसरावं.

पाण्याबद्दल तर मी रात्रभर बोलू शकते. घोड्याला पाण्याची खोली कळत नाही, त्याच्या लेखी ते डबकं विहीर पण असू शकतं. त्याला ढोसून आत घातलं तर एकदा जाईल, पुढच्या वेळी लांबूनच मागे फिरेल. म्हणून आधी एखादा म्हातारा शहाणा घोडा पुढे घालायचा, तो आरामात पाण्यात उभा राहतो, मग तरुण घोडा मान लांब करून फुंकर मारत वास घेतो, एक पाय टाकतो, काढतो, परत टाकतो. इथे घाई नाही करायची, फक्त तोंड पाण्याकडे राहिलं पाहिजे, मागे वळू द्यायचं नाही. आणि आत गेल्यावर तो पुढच्या पायाने पाणी उडवायला लागला की नवशिके लोक फोटो काढतात, किती क्यूट म्हणतात. ते क्यूट नाही, तो लोळायची तयारी करतोय, लगेच पुढे काढा नाहीतर तुम्ही, सॅडल आणि मोबाईल तिघे आंघोळ करून याल. पावसाळ्यात पुण्यातल्या रस्त्यांनी आम्हाला फुकटचे वॉटर जंप पुरवले त्याबद्दल महापालिकेचे आभार, काकूची पहिली शाळा तीच.

आता मुद्दा वयाचा. २०२१ मध्ये टोकियो ऑलिंपिकला आपला फवाद मिर्झा ज्या सेन्यॉर मेडिकॉटवर बसून फायनलला गेला आणि २३ वा आला तो घोडा १५ वर्षांचा होता. जर्मनीच्या मायकेल युंगचा सॅम हा घोडा लंडन ऑलिंपिकला गोल्ड जिंकला तेव्हा १२ चा, रिओला परत जिंकला तेव्हा १६ चा. त्याचा नंतरचा चिपमंक पॅरिसला जिंकला तो पण १६ चा, आणि हाच चिपमंक टोकियोला एका जंपची, धक्का लागला की सुटावी म्हणून बसवलेली सेफ्टी पिन पाडून ११ पेनल्टी घेऊन बसला होता, आठवा आला. ऑलिंपिकच्या इव्हेंटिंगला ८ वर्षांखालचा घोडा चालतच नाही, आणि हे जिंकलेले घोडे तर बारा-सोळा वर्षांचे. आपल्याकडे मात्र पाच वर्षांचा घोडा दोन स्पर्धांत अडला की त्याला विकायची भाषा सुरू होते, आणि इथे विकला म्हणजे पुढे कुठे जाईल याची काही गॅरंटी नाही, लग्नाच्या वरातीत पण जाईल.

टोकियोलाच मॉडर्न पेंटॅथलॉनमध्ये काय झालं ते पण आठवत असेल. त्यात घोडा चिठ्ठीने मिळायचा आणि ओळख करून घ्यायला २० मिनिटं. जर्मनीच्या आनिका श्लॉयला सेंट बॉय मिळाला, तो आधीच्या स्वाराबरोबर पण अडला होता, तो उड्या मारायलाच तयार नाही, ती वर बसून रडतेय, कोचने कुंपणापाशी त्याला बुक्की मारली. कोचला बाहेर काढलं, जगभर बोंबाबोंब झाली आणि पॅरिसनंतर त्या खेळातून घोडेस्वारीच गेली. तेव्हा आपल्या सगळ्यांना घोड्याची दया आली होती. मग इथे एक मुलगा घोड्याला न मारता बाहेर आणतो तेव्हा त्याच्या नावापुढे नुसतं बाद?

तर माझी विनंती एवढीच आहे, निकाल छापताना घोड्याचं नाव आणि वय पण छापा. रेसच्या पानावर तुम्ही घोडा, जॉकी, ट्रेनर, वजन सगळं छापता, एक अक्षर चुकलं तर वाचक फोन करून भंडावतात. इव्हेंटिंगला घोड्याचं नाव पण नसतं, जसं काय मुलगा स्वतःच उड्या मारत गेला. वय दिसलं की वाचणाऱ्याला आपोआप कळेल की हा सहाव्या वर्षी खालच्या क्लासला बाद झालाय, ठीक आहे, आणि तो चौदा वर्षांचा अनुभवी घोडा जिंकलाय, तेही ठीक आहे. २०२५ च्या डिसेंबरात पट्टायाला आशियाई स्पर्धेत आशिष लिमयेने इव्हेंटिंगचं गोल्ड आणलं, मराठी नाव म्हणून सगळीकडे कौतुक झालं, व्हायलाच पाहिजे. पण विली बी डन हे घोड्याचं नाव किती जणांना माहीत आहे?

जागेचा प्रश्न आहेच. नीट क्रॉस कंट्री कोर्स म्हटला की लष्कराकडे बघावं लागतं, मेरठ, जयपूर, बंगलोर. साध्या रायडिंग स्कूलच्या पोरांना तरुण घोडा छोट्या पाण्यातून, छोट्या खंदकावरून नेऊन बघायला जागाच नाही, मग तो पहिल्यांदा पाणी बघतो ते थेट स्पर्धेत. मेरठच्या आर्मीच्या घोड्यांच्या केंद्राला २०२५ मध्ये जागतिक पशुआरोग्य संघटनेची रोगमुक्त म्हणून मान्यता मिळाली, त्यामुळे इथे तयार झालेले घोडे पुढेमागे परदेशात स्पर्धेला जाण्याची वाट मोकळी होईल असं म्हणतात. छान आहे. पण जायला आधी इथे घोडे तयार तर झाले पाहिजेत, आणि ते तयार होतात अशा बारक्या, कंटाळवाण्या स्पर्धांत जिथे टाळ्या वाजवायला फक्त आईबाबा आणि साईस असतात.

आईबाबांवरून आठवलं. मला फोन येतात, मुलगी बारा वर्षांची आहे, चार वर्षांची छान घोडी स्वस्तात मिळतेय, दोघी एकत्र शिकतील. नका हो घेऊ. शिकणाऱ्या मुलीला शिकलेला घोडा द्या, पंधरा-सोळा वर्षांचा, थोडा जाडा, थोडा आळशी, दिसायला काही खास नसलेला. तो जे शिकवेल ते कुठला कोच शिकवणार नाही, आणि पडली तर थांबून तिच्याकडे बघत उभा राहील.

आमच्या काकूचा निकाल तुम्ही छापला नव्हता, म्हणून मीच सांगते. ड्रेसाजला शेवटून दुसरी, क्रॉस कंट्रीत पाण्याला एकदा अडली मग गेली, एवढ्यातच तिच्या खात्यावर २० आणि उशिराचे वेगळे, जंपिंगला दोन दांड्या. पुढच्या सीझनला तिला परत त्याच खालच्या क्लासला नेणार आहे, वरच्या क्लासला कधी न्यायची विचारणाऱ्यांना साईसमामांनी परस्पर सांगून टाकलंय की काकूंना विचारा.

आपली,
एक घोडेस्वार वाचक, पुणे