शनिवारी अनंत श्रेणींची उजळणी

कॅल्क्युलस-२ च्या सर्व सभासदांनो, येत्या शनिवारी सकाळी १० ते १२ नेहमीच्या खोलीत बसायचं आहे. विषय एकच: अभिसरणाचं अंतराल, म्हणजे क्ष च्या ज्या किमतींसाठी श्रेणी अभिसारी असते (बेरीज एका ठरावीक संख्येकडे जाते) त्या सगळ्या किमती.

क्ष + क्ष²/२ + क्ष³/३ + … घ्या. रेशो टेस्टने (लागोपाठच्या पदांच्या गुणोत्तराची सीमा पाहून) त्रिज्या १ मिळते, म्हणजे −१ आणि १ यांच्या दरम्यान श्रेणी अभिसारी; पण टोकांवर सीमा १ येते आणि टेस्ट गप्प बसते. गुण जातात ते इथेच! टोकं वेगळी तपासा:

- क्ष = १ : हरात्मक श्रेणी (१ + १/२ + १/३ + …), अपसारी, म्हणजे बेरीज अमर्याद वाढत जाते. पदं शून्याकडे जातात म्हणून श्रेणी अभिसारी, असं कृपया लिहू नका.
- क्ष = −१ : चिन्हं आलटूनपालटून, पदं घटत शून्याकडे; अभिसारी.

हरात १, ४, ९ असे वर्ग घेऊन हेच प्रत्येकाने सोडवून आणावं, पायऱ्यांसकट. येणार नसाल तर शुक्रवारपर्यंत कळवा.