गटप्रकल्प अडतो कुठे?

दूरशिक्षणातला गटप्रकल्प बहुतेक वेळा वेळापत्रकावरच अडतो. गोवंडीचा रात्रपाळीवाला, विरारहून लोकलने ये-जा करणारी नोकरदार आणि तान्हं मूल सांभाळणारी गृहिणी एकाच वेळी झूमवर येणार कसे? म्हणून चर्चा लेखी ठेवावी, उत्तराला ४८ तास द्यावेत. मराठीत व्हॉइस नोटही चालावी. इंग्रजीच्या धाकाने गप्प बसणाऱ्यांकडेच अनेकदा कामाचा अनुभव असतो. गट चार-पाच जणांचा पुरे. आठ झाले की दोघे राबतात, बाकीचे नावापुरते. गुण निम्मे तरी वैयक्तिक हवेत, गूगल डॉक्सची व्हर्जन हिस्टरी, म्हणजे कोणी काय कधी लिहिले याची नोंद, पाहून. मात्र एकानेच सगळ्यांचा मजकूर चिकटवला तर तीही फसवते. प्रत्येकाने आपापल्या खात्यातून थेट लिहावे.

– एक वाचक, मुलुंड