सॉफ्टनरचे पाणी केसांना द्या, तुळशीला नको

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

उन्हाळा लागला की आपल्या दैनिकात उपनगरांतल्या टँकरच्या बातम्या येऊ लागतात. पाणी किती आले आणि केवढ्याला पडले, यावर भरपूर लिहून येते. ते पाणी कसे आहे, यावर मात्र क्वचितच. म्हणून हे पत्र.

आम्ही वाघोलीत राहतो. २०२१ मध्ये जी २३ गावे पुणे महापालिकेत आली, त्यांतलेच हे एक. आमच्या सोसायटीची मुख्य भिस्त अजूनही बोअर आणि टँकरवर आहे. माझे बालपण सदाशिव पेठेत, खडकवासल्याच्या पाण्यावर गेले. पुढे शाळेत विज्ञान शिकवताना ‘दुष्फेन पाणी’ (म्हणजे साबणाला नीट फेस येऊ न देणारे जड पाणी) हा धडा मी वर्षानुवर्षे घेतला, पण ते पाणी घरात आल्यावर काय होते, ते इथे राहायला आल्यावर कळले. बादलीच्या आत पांढरे कडे धरते. नळाच्या तोटीला चुन्यासारखा थर बसतो. तूरडाळ चार शिट्ट्यांनीही गोटा राहते. दोन वर्षांत गिझर बंद पडला, तेव्हा प्लंबरने आतली कॉइल बाहेर काढून जमिनीवर आपटली, तर अंड्याच्या टरफलासारखे पापुद्रे ओंजळभर निघाले.

माझी सून बाळंतपणानंतर इथे आली. बाळ तीन-चार महिन्यांचे झाले आणि तिचे केस गळायला लागले. कंगव्यात, उशीवर, मोरीच्या जाळीत, जिथे पाहावे तिथे केसच. ती रडकुंडीला आली होती. त्याच सुमारास एक विक्रेता दारात आला. पेनासारखे टीडीएस मीटर आमच्या पाण्यात बुडवून त्याने आकडा दाखवला आणि म्हणाला, “ताई, केस याच्यामुळेच जातायत. सॉफ्टनर बसवा, महिन्यात गळती थांबेल.” आम्ही तो, म्हणजे जड पाणी मऊ करणारे यंत्र, बसवला.

इथे एक गोष्ट स्पष्ट लिहायला हवी. टीडीएस मीटर पाण्याचे काठिण्य, म्हणजे त्यातले कॅल्शियम-मॅग्नेशियम, मोजत नाही. पाण्यात विरघळलेल्या सगळ्या क्षारांचा तो एकत्रित अंदाज असतो. सॉफ्टनर लावल्यावरही हा आकडा जवळपास तेवढाच राहतो, कारण सॉफ्टनर क्षार काढत नाही, बदलतो. त्याच्या टाकीत मोहरीहून बारीक मण्यांचे रेझिन असते. ते मणी कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि त्यांच्या जागी सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या दाट पाण्याने ते धुवायचे, म्हणजे पुन्हा कामाला तयार.

फायदा झाला का? झाला, आणि तो मी मोकळेपणाने सांगते. पहिल्या दिवशी ह्यांनी अंघोळीला एक बादली जास्त घेतली, कारण अंग बुळबुळीत लागत होते आणि साबण निघालाच नाही असे वाटत होते. खरे तर अंगावर साबणाचा साका बसण्याची आम्हाला इतकी सवय झाली होती की साका नसलेले अंगच परके वाटले. आठवड्यात सवय झाली. शाम्पू निम्मा लागू लागला. सुनेचे केस धुतल्यावर दोरीसारखे राठ व्हायचे, ते सुटे झाले, कंगवा अडकेना. टॉवेल मऊ राहिले. बाळाच्या दुपट्यांचा खरखरीतपणा गेला.

केस गळायचे मात्र थांबले नाहीत. शेवटी आमच्या डॉक्टरीणबाईंनी तिचे हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा) आणि थायरॉइड तपासायला लावले. फेरिटिन फारच खाली होते. बाळंतपणानंतर तिसऱ्या-चौथ्या महिन्यात केस गळणे नेहमीचे आहे आणि बहुतेकींचे ते वर्षभरात आपोआप सावरते, हेही त्यांनी समजावले. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या. आता तिच्या कपाळावर बोटभर लांबीचे नवे केस उभे राहिलेत, क्लिपात मावत नाहीत असे. सॉफ्टनरवर विसंबून आम्ही ती रक्ततपासणी पाच महिने लांबवली, याचे मला आजही वाईट वाटते.

जड पाण्याने केस राठ होतात, निस्तेज दिसतात, हे खरे आहे. साबणाने केस धुतले तर जास्तच, कारण साबण आणि कॅल्शियम मिळून चिकट साका होतो. रिठा-शिकेकाईला मात्र जड पाण्यातही फेस येतो. आमच्या आज्या विहिरीच्या पाण्यावर लांबसडक वेण्या राखत होत्या, त्यामागे हेही एक कारण असावे. केसाची ताकद कमी होते का, यावर संशोधन एकमुखी नाही. २०१३ मध्ये ‘इंटरनॅशनल जर्नल ऑफ ट्रायकॉलॉजी’त आलेल्या भारतीय अभ्यासात जड पाण्यातल्या आणि डिस्टिल्ड पाण्यातल्या केसांच्या ताकदीत लक्षणीय फरक आढळला नव्हता. नंतरच्या एका अभ्यासात ताकद घटलेली दिसली. पण केस मधेच तुटणे वेगळे आणि मुळापासून गळणे वेगळे. त्वचेचेही तसेच. इंग्लंडमध्ये एक्झिमा (इसब) असलेल्या ३३६ मुलांवर केलेली सॉफ्टनरची चाचणी २०११ मध्ये प्रसिद्ध झाली, तिच्यात सॉफ्टनरमुळे जास्तीचा गुण दिसला नाही. तेव्हा ‘केसगळती थांबवा’ अशी जाहिरात करून हे यंत्र विकणे ही बायकांच्या काळजीची लूट आहे. शॉवरला लावायच्या मुठीएवढ्या फिल्टरबद्दल तर बोलायलाच नको. एवढ्याशा नळकांड्यात घरभराच्या पाण्याचे काठिण्य धरून ठेवण्याची क्षमता येणार कुठून?

आता तुळशीकडे येते. सॉफ्टनर बसल्यावर बाल्कनीतल्या नळालाही तेच पाणी येऊ लागले. दोन महिन्यांत तुळशीची पाने कडेने करपली. कुंडीतली माती वरून घट्ट झाली, पाणी मुरेना, नुसते वर साचायचे. ह्यांचे गाव वाळवा तालुक्यात. त्यांनी माती बोटांनी चुरून पाहिली आणि म्हणाले, “अगं, ही चोपण झाली.” कृष्णाकाठी उसाच्या शेतांचे असे झालेले त्यांनी लहानपणापासून पाहिले आहे. मातीत सोडियम साचला की तिची रचना मोडते. तेच संकट आम्ही पाइपातून कुंडीत आणले होते.

हिशेब सोपा आहे. दर १०० मिलिग्रॅम काठिण्य काढताना पाण्यात सुमारे ४६ मिलिग्रॅम सोडियम येतो. आमच्या बोअरच्या तपासणीत काठिण्य लिटरमागे ५४० मिलिग्रॅम निघाले. भारतीय मानक सांगते २००, आणि दुसरा स्रोतच नसेल तर फार तर ६००. म्हणजे सॉफ्टनरनंतर लिटरमागे सुमारे २५० मिलिग्रॅम सोडियम वाढला. ह्यांना रक्तदाबाची गोळी आहे. असे पाणी दिवसाला दोन लिटर प्यायले तर ५०० मिलिग्रॅम सोडियम नुसत्या पाण्यातून पोटात जातो, आणि जागतिक आरोग्य संघटनेच्या मते मोठ्या माणसाने दिवसभरात एकूण २००० च्या आत राहायला हवे. आरओमध्ये बराचसा सोडियम गाळला जातो, पण ज्यांच्या ओट्यावर आरओ नाही त्यांचे काय? आम्ही प्लंबरला बोलावून ओट्याचा आणि बाल्कनीचा नळ सॉफ्टनरच्या आधीच वेगळा काढून घेतला. तुळस नव्या मातीत लावली, ती धरली आहे. डाळ मात्र आरओच्या पाण्यात शिजवते.

मला खरी चिंता आहे ती यापुढची. आमच्या सोसायटीने आता सगळ्या इमारतींसाठी एकच मोठा सॉफ्टनर बसवला आहे. मिठाची २५ किलोची पोती येतात. रेझिन धुतल्यावर उरणारे खारट पाणी ज्या नळीने बाहेर पडते, ती नळी बोअरशेजारच्या शोषखड्ड्यात सोडली आहे. हा खड्डा पावसाचे पाणी मुरवण्यासाठी केलेला! आपल्याच हाताने आपण मीठ बोअरमध्ये ओततो आहोत आणि त्याच बोअरचे पाणी पुन्हा मऊ करायला आणखी मीठ आणतो आहोत. शिवाय टँकर आज एका विहिरीचा, उद्या दुसऱ्या बोअरचा. काठिण्य रोज वेगळे आणि यंत्राचे सेटिंग मात्र एकच.

सोसायट्यांच्या कमिट्यांनी बोअरच्या आणि टँकरच्या पाण्याचा काठिण्याचा अहवाल दर तीन महिन्यांनी फलकावर लावावा. बिल्डरने फ्लॅट विकतानाच तो दाखवावा. स्वयंपाकघराची आणि बागेची लाइन सॉफ्टनरपासून वेगळी ठेवावी. आणि महापालिकेने आम्हाला धरणाचे पाणी कधी मिळणार, ते तारखेसह सांगावे. कर आम्हीही भरतो.

येत्या रविवारी आमच्या सोसायटीची सभा आहे. ती नळी शोषखड्ड्यातून काढण्याचा विषय मी लेखी दिला आहे.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, वाघोली, पुणे