पुस्तक घरी पोहोचवणाऱ्या अनामिकांचे आभार

१९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकासोबत चीनला गेलेले आणि १९४२ मध्ये तिथेच निवर्तलेले आपल्या सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस यांचे एक जुने, शिवण उसवलेले चरित्र नवी पेठेतील रद्दीवाल्या काकांनी माझ्यासाठी दोन आठवडे बाजूला ठेवले होते. मैत्रिणीला वाचायला दिलेले तेच पुस्तक तिच्याकडून सिटी बसमध्ये राहिले, तेव्हा पहिल्या पानावरचा पत्ता वाचून ते घरी आणून देणारे आणि पाणीही न घेता निघून गेलेले गृहस्थ कोण, हे मला आजही ठाऊक नाही. सुटी झालेली पाने त्यांनी क्रमाने लावून सुती दोऱ्याने बांधली होती. दोघांचीही मी मनापासून ऋणी आहे. पुस्तक आता दुसऱ्या मैत्रिणीकडे आहे. दोरा तसाच ठेवला आहे.