पेन्सिलीची वजाबाकी

नाशिक,
१४ ऑगस्ट २०२४

चि. मनू,
अनेक आशीर्वाद.

फोनवर ‘जेवलीस का, पाऊस आहे का’ याच्या पुढे माझी गाडी जात नाही, म्हणून लिहायला बसलोय. सेकंड शिफ्ट करून आलो, मम्मी झोपलीय.

जूनमध्ये मी पीएफच्या पासबुकाची प्रिंट काढून लोखंडी कपाटात, आजीच्या सातबाऱ्याच्या फायलीत ठेवली होती. यंदाच्या नियमाप्रमाणे सात वर्षं नोकरी झाली की मुलांच्या उच्च शिक्षणासाठी आपल्या वाट्यातले निम्म्यापर्यंत पैसे उचलता येतात. ते निम्मे किती होतात, ते मी पेन्सिलीने कोपऱ्यात मांडलं होतं. मागच्या आठवड्यात फाईल काढली, तर माझ्या आकड्याखाली एक वजाबाकी, खासगी विद्यापीठाच्या फीची. इंग्रजी सातला मधे आडवी रेघ मारणारं आपल्या घरात एकच माणूस आहे.

म्हणजे तू ते पाहिलंस, आणि दोन दिवसांनी पोहे खाता खाता म्हणालीस, ‘पप्पा, मी पुणे विद्यापीठातच जाते. संख्याशास्त्राचा तिकडचा सिलॅबस मला जास्त आवडला.’

त्या दिवशी मी किती चिडलो ते तुला ठाऊक आहे. का चिडलो ते मात्र आज सांगतो. त्या खासगी विद्यापीठाचं नाव मी आधीच कँटीनमध्ये सांगून बसलो होतो. तुझ्या काकांच्या, म्हणजे माझ्या साडूंच्या, व्हॉट्सअॅप स्टेटसला त्यांचा मुलगा काचेच्या इमारतीसमोर उभा असतो. तसा एक फोटो मलाही हवा होता. शिवाय तिथली ती काउन्सेलर बाई रोज फोन करायची, ‘सर, आज रात्री बारापर्यंतच सीट होल्ड आहे.’ असं पंधरा दिवस रोज रात्री बारा वाजत होते आणि सीट काही जात नव्हती, तरी माझ्या डोक्यात प्रकाश पडला नाही.

खासगीवाल्यांना मी सरसकट नावं ठेवणार नाही. आमच्या टूलरूमला गेल्या वर्षी असाच महागड्या कॉलेजातला एक पोरगा ट्रेनी म्हणून आला. आम्ही सगळे त्याची मजा बघायला टपलेलो, पण तो पहिल्याच आठवड्यात मशीनखाली आडवा झाला आणि तेलाने माखून बाहेर आला. हुशार आहे, मेहनती आहे. कुठूनही आला असता तरी तसाच असता, असं मला वाटतं. आणि सरकारी विद्यापीठं म्हटलं की निकाल रखडले, प्राध्यापकांच्या जागा रिकाम्या, हेही पेपरात वाचतच आलोय. तेव्हा माझी भीती अगदीच खोटी नव्हती.

तरी तुला पोचवायला आलो तेव्हा मी थोडा गप्प झालो होतो. विद्यापीठ चौकात बाहेर ती तुंबलेली वाहतूक, आणि गेटच्या आत शिरलं की वडांखाली एकदम गार. ती मनोऱ्याची मुख्य इमारत म्हणजे पूर्वीचा गव्हर्नरचा बंगला. १८९७ साली तिथलाच समारंभ आटपून परतताना चाफेकरांनी रँडला गाठलं. आपल्या नाशिकच्या विजयानंद थिएटरात कान्हेऱ्यांनी कलेक्टर जॅक्सनला गोळी घातली ती १९०९ साली. (तू तेव्हा म्हणालीस, ‘पप्पा, ॲडमिशनचं बघा.’) पुढे १९४९ला विद्यापीठ निघालं आणि साहेबाच्या बंगल्यात विद्यापीठाचा कारभार आला. जयंत नारळीकरांनी उभी केलेली आयुका ही खगोलशास्त्राची संस्था याच आवारात आहे, हे मला इतकी वर्षं माहीत नव्हतं.

तुझ्या विभागाचे पहिले प्रमुख हुजूरबाजार सर, हे तूच सांगितलंस. कोल्हापूरचा माणूस, केंब्रिजला हॅरॉल्ड जेफ्रीज यांच्याकडे पीएचडी केली आणि परत येऊन १९५३पासून इथे संख्याशास्त्र शिकवलं. १९७४ला पद्मभूषण मिळालं. तू हे सांगत होतीस तेव्हा तुझा चेहरा मी पाहिला. सिलॅबस आवडल्याची गोष्ट नुसती थाप नव्हती, एवढं त्या चेहऱ्यावरून कळलं.

आणखी एक गोष्ट आठवली. तू एफवायला होतीस. मी कारखान्यातला कंट्रोल चार्ट, म्हणजे मशीनचं काम बिघडतंय का ते दाखवणारा आलेख, घरी आणला होता. पाच पाच नग मोजायचे, सरासरी काढायची, सगळ्यात मोठ्यातून सगळ्यात लहान वजा करून रेंज काढायची. मग रेंजची सरासरी ०.५७७ने गुणायची आणि मधल्या रेषेच्या वर-खाली तेवढ्यावर मर्यादेच्या रेषा मारायच्या. वीस वर्षं मी तो आकडा भिंतीवरच्या तक्त्यातून उचलून गुणत आलो. पाचच्या गटाला ०.५७७ आणि चारच्या गटाला ०.७२९ असं का, हे मी कोणाला विचारलं नाही, मला कोणी सांगितलंही नाही. तू विचारलंस. मग आरवायके कॉलेजच्या लायब्ररीतून पुस्तक आणलंस आणि चार दिवसांनी मला कॅलेंडरच्या पाठीवर समजावलंस. मला निम्मंच कळलं, पण ते कॅलेंडर अजून आहे. खासगीकडच्या माहितीपत्रकात सॉफ्टवेअरची नावं पानभर होती. तू म्हणाली होतीस, ‘ते मी यूट्यूबवर शिकेन. आकडा कुठून येतो ते मला फळ्यावर बघायचंय.’

तेव्हा निर्णयात फळा किती आणि वजाबाकी किती, हे मला खरंखरं सांग. निम्मं-निम्मं असेल तरी चालेल. आपल्यासारख्या घरात पैशाचा विचार न करता कोणी काही ठरवत नाही, मीही आयटीआयला गेलो तो पहिला पगार लवकर यावा म्हणूनच. पण एक लक्षात ठेव, तुझ्या वजाबाकीने वाचलेले पैसे पीएफमध्ये तसेच आहेत. लॅपटॉप, एखादा कोर्स, पुढे पीएचडी, काहीही असो. लाजू नकोस. कमवा व शिकाचा अर्ज भरणार म्हणालीस. भर, पण परीक्षेच्या तोंडावर तासांचा हट्ट धरू नकोस.

मम्मीने गोधडी आणि चिवडा दिलाय. शनिवारी शेजारचे काका कामाला पुण्याला येताहेत, त्यांच्याकडून घे. गणपतीला दोन दिवस तरी ये. साडूंकडे यंदा आपण जेवायला आहोत, आणि कुठे शिकतेस ते या वेळी मीच सांगणार आहे.

आता एक कामाचं. काल सीएनसी मशीनच्या कंट्रोल चार्टवर सलग सात ठिपके मधल्या रेषेच्या वर आलेत. सगळे मर्यादेच्या आत आहेत, म्हणून साहेब म्हणतात चालू दे. मला ते पटत नाहीये. फोटो व्हॉट्सअॅपवर टाकलाय. बघून सांग, मशीन थांबवू का?

तुझा,
पप्पा