तू म्हणालास, टेनॉर नुसते ओरडतात

श्टुटगार्ट, रविवार रात्र

प्रिय संज्या,

तुझी व्हॉइस नोट ऐकली आणि खरं सांगतो, आधी हसलो आणि मग जाम चिडलो. "ते ऑपेरावाले नुसते ओरडतात रे, तू त्यात कुठे अडकलास" म्हणे! दोन ओळींचं उत्तर टाइप करायला घेतलं होतं पण तेवढ्यात तुझं समाधान होणार नाही, म्हणून हे लांबलचक पत्र, चहा घेऊन बस.

तर झालं असं की दीड वर्षापूर्वी इथल्या एका चर्चच्या हौशी कॉयरमध्ये, म्हणजे समूहगायनाच्या गटात, मी सहज चौकशीला गेलो. मला वाटलं होतं आपल्याला कोण घेतंय, नोटेशन धड वाचता येत नाही, जर्मन मोडकंतोडकं. पण आवाजाची टेस्ट घेताना मी वरच्या स्वरांना न फाटता पोचलो आणि कॉयर चालवणाऱ्या बाईंचा चेहरा असा काही खुलला की लगेच "मंगळवारी साडेसातला या". नंतर कळलं की कॉयरमध्ये टेनॉरचा, म्हणजे पुरुषांतल्या चढ्या आवाजाचा, कायम दुष्काळ असतो. बेस, म्हणजे खर्जवाले, भरपूर, बायका तर रांगेत उभ्या, टेनॉर मात्र सहा, त्यातले दोन सत्तरीच्या पुढचे. म्हणजे माझ्या गुणांपेक्षा त्यांची गरज मोठी होती, हे तुला आत्ताच सांगून टाकतो, नंतर तूच म्हणशील.

पहिल्याच तालमीत बोलणी खाल्ली. आपली भजनाची सवय, एका स्वरावरून दुसऱ्यावर जाताना मींड आपोआप येते ना, तर बाईंनी हात वर करून सगळं थांबवलं आणि म्हणाल्या टेनॉरमध्ये कुणीतरी घसरतंय. घसरतंय! ज्या गोष्टीला तात्यांनी पाठीवर थाप दिली असती तिला इथे घसरणं म्हणतात. आणि दुसरं म्हणजे तुझा आवाज वेगळा ऐकू आला तर ती चूक. सहा जणांचा मिळून एकच आवाज हवा. श्वाससुद्धा सगळ्यांनी एकदम घ्यायचा नाही, लांब ओळ असेल तर शेजारचा घेईल तेव्हा मी गात राहायचं, मी घेईन तेव्हा तो, म्हणजे ऐकणाऱ्याला वाटतं हे लोक श्वासच घेत नाहीयेत. स्वरलिपीच्या वहीत पेन्सिलने स्वल्पविराम मारून ठेवतात श्वासाच्या जागी, पेन काढलं की लोक डोळे वटारतात. तुला सांगू, मला हे आवडायला वेळ लागला, पण एकदा जमलं ना की मग एकट्याने गायचा कंटाळा येतो.

आता मूळ मुद्दा, ओरडण्याचा. मी तुला फ्रिट्झ वुंडरलिश या जर्मन टेनॉरचं नाव सांगितलं होतं ना, त्याचं रेकॉर्डिंग ऐकलं नाहीस हे मला माहितीये, ऐकलं असतंस तर तसं बोललाच नसतास. हा माणूस १९३० साली कुझेल नावाच्या छोट्या गावात जन्मला. आईवडील दोघंही वाजवणारे. पाच वर्षांचा असताना वडिलांनी आत्महत्या केली, आईने संसार ओढला. फ्रायबुर्गला संगीत शिकायला गेला तेव्हा गाण्याबरोबर हॉर्न हे फुंकून वाजवायचं पितळी वाद्य शिकत होता आणि फीचे पैसे उभे करायला रात्री डान्स बँडमध्ये वाजवायचा. मला नेहमी वाटतं त्याचा श्वास तिथूनच आला असणार, हॉर्न वाजवणाऱ्याला फुप्फुसाचे लाड करून चालत नाही.

१९५५ मध्ये तो इथल्याच, म्हणजे श्टुटगार्टच्याच ऑपेरात लागला, बारीकसारीक रोल करायला. आणि मग आपल्या नाटक कंपन्यांच्या गोष्टींत असतं तसंच झालं, मुख्य टेनॉर योझेफ ट्राक्सेल आजारी पडला आणि ह्या पोराला मोझार्टच्या 'जादुई बासरी' ऑपेरात टामिनो, म्हणजे नायक, करायला उभं केलं. त्यानंतर मागे वळून बघितलं नाही. १९५९ ला झाल्झबुर्ग, मग म्युनिक, व्हिएन्ना. तेव्हा जर्मनीत इटालियन ऑपेरे पण सर्रास जर्मनमध्येच गायचे, त्यामुळे पुचिनीसारख्या इटालियन संगीतकाराची त्याने गायलेली गाणी जर्मन शब्दांत ऐकायला मिळतात, आधी विचित्र वाटतं मग सवय होते.

पण ऑपेरा हा अर्धाच भाग. चर्चमधली मोठी कामं, धर्मकथा अभिनयाशिवाय नुसत्या गाऊन सांगणारी, बाखचं ख्रिसमस ओरॅटोरिओ, हायडनचं 'सृष्टीची निर्मिती', यांतही तो तितकाच. बाखच्या पॅशनमध्ये टेनॉरला एक रोल असतो, इव्हॅंजेलिस्ट, येशूच्या शेवटच्या दिवसांची गोष्ट सांगणारा. तू कीर्तन डोळ्यासमोर आण, बुवा आख्यान लावतात, अर्धं बोलणं अर्धं गाणं, मागे नावाला साथ, आणि मध्येच सगळी मंडळी पद उचलतात. तेच हे, फक्त बुवा कोटात आणि मंडळी म्हणजे आमचा कॉयर. इथे ओरडून बघ, पाच मिनिटांत लोक उठून जातील. इथे लागतो तो उच्चार, आणि वुंडरलिशचा एकेक शब्द असा सुटा पडतो की माझ्यासारख्या परक्यालासुद्धा जर्मन कळल्यासारखं वाटतं.

आणि माईक नाही हां, हे विसरू नकोस. साठ-सत्तर वादकांच्या वरून आवाज मागच्या खुर्चीपर्यंत न्यायचा. जोर लावून ते होत नाही, जोर लावला की गळा बसतो. घसा सैल ठेवून आवाजात एक विशिष्ट धार आणतात, तीन हजार हर्ट्झच्या आसपासची, आणि नेमक्या त्या पट्ट्यात ऑर्केस्ट्राचा जोर कमी असतो, त्यामुळे आवाज मधल्या फटीतून निघून जातो. जुने संगीत नाटकवाले माईक नसताना अख्खं थिएटर भरून टाकायचे, ते काय ओरडायचे का? मग!

गेल्या महिन्यात आमचा हायडनच्या 'सृष्टीची निर्मिती'चा कार्यक्रम झाला. सुरुवातीला सगळा अंधार, ऑर्केस्ट्रा चाचपडल्यासारखा वाजतो, मग आम्ही अगदी दबक्या आवाजात म्हणतो "आणि प्रकाश झाला", आणि "प्रकाश" या शब्दावर सगळी वाद्यं एकदम, ट्रम्पेट, नगारे, पांढरी एकचा लखलखीत मेजर कॉर्ड. तालमीत चाळीस वेळा केलं असेल, तरी प्रत्यक्ष कार्यक्रमात माझ्या हातातली वही हलत होती. आणि त्या दणक्यानंतर एकटा टेनॉर उभा राहतो आणि शांतपणे सांगतो की देवाने बघितलं, प्रकाश चांगला होता. बस. एवढंच.

हा सोलो करायला पैसे देऊन एक जण बोलावला होता, एका शहरातल्या थिएटरात पगारी टेनॉर आहे. मध्यंतरात केळं खात बसला होता, मी जाऊन बोललो. मला वाटायचं ऑपेरा सिंगर म्हणजे राजेशाही. कसलं काय! जर्मनीत ऐंशीच्या आसपास ऑपेरा थिएटरं आहेत, सरकारी पैशावर चालतात, सोलोवाल्यांना महिन्याचा पगार असतो, पण करार वर्षावर्षाचा. पुढे ठेवायचं नसेल तर ३१ ऑक्टोबरच्या आत कळवतात, आठ वर्षांच्या वर झाली असतील तर आधीच्या ३१ जुलैच्या आत, त्यामुळे तो म्हणाला जुलैभर लेटरबॉक्स उघडायचीच भीती वाटते. आणि एकाच ठिकाणी पंधरा वर्षं झाली की काढता येत नाही, म्हणून बऱ्याच जणांना त्याच्या आधीच नारळ मिळतो. त्याला तेरावं वर्ष लागलंय. बाहेरची कमाई म्हणजे डिसेंबरात ख्रिसमस ओरॅटोरिओ आणि ईस्टरच्या आधी पॅशन, आपल्या ऑर्केस्ट्रावाल्यांची जशी गणपतीत आणि लग्नसराईत चांदी असते तसं. हे सगळं बोलून उठला, दोन मिनिटं भिंतीकडे तोंड करून ओठ फडफडवले आणि आत जाऊन असा गायला की मला त्याचं पोस्टच्या पेटीचं दुःख आठवेना.

वुंडरलिशनेही हा हायडन गायलाय, करायन या कंडक्टरबरोबर. रेकॉर्डिंग चालू होतं आणि आरिया, म्हणजे मोठी सोलो गाणी, गाऊन झाल्या होत्या, पण मधले गद्यासारखे तुकडे राहिले होते. सप्टेंबर १९६६. चार तारखेला एडिंबरामध्ये मैफल केली, शेवटी शुबर्टचं संगीताचे आभार मानणारं छोटं गाणं म्हटलं. पुढच्या महिन्यात न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटनमध्ये पहिल्यांदा गायचं ठरलेलं. मधल्या दिवसांत मौलब्रॉनजवळ मित्राच्या घरी दगडी जिन्यावरून पडला, १७ तारखेला हायडेलबर्गच्या हॉस्पिटलात गेला. छत्तीस पूर्ण व्हायला नऊ दिवस बाकी. मास्टर दीनानाथसुद्धा एक्केचाळिसाव्या वर्षी गेले ना, त्या हिशोबाने हा त्यांच्याहूनही लहान. राहिलेले तुकडे मग व्हेर्नर क्रेन नावाच्या टेनॉरने भरले. म्हणजे त्या रेकॉर्डवर एकाच पात्राचे दोन आवाज आहेत. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा माहीत नव्हतं, नुसतंच वाटलं की मध्येच कुणीतरी खिडकी लावून घेतली. क्रेन वाईट नाहीये हं, पण बिचाऱ्याला उभं केलं कुठे बघ.

तर आता तुझं काम. पेटी काढ, काळी दोनचा सा धर. टामिनोच्या हातात पोरीचं चित्र येतं आणि तो गाऊ लागतो, त्याची पहिली उडी आहे मध्य पंचमावरून थेट तार गंधार. मध्ये काही नाही, मींड नाही, टेकू नाही. आणि ओरडून नाही, फोटो बघून माणूस मनाशी बोलतो तेवढ्याच आवाजात. वुंडरलिशची लिंक व्हॉट्सॲपवर टाकतोय, पण ती आधी ऐकायची नाही. आधी तू करून बघ, रेकॉर्ड कर आणि पाठव. काकूंना सांग घाबरू नका म्हणून.

तुझा
पम्या